धर्माची पाळी

टोकियोचं ऑलिंपिक नुकतंच संपलं होतं, आणि वेसाव्याच्या वाळूवर श्यामसुंदरने कोळीवाड्याचं ऑलिंपिक भरवलं होतं. होड्यांची शर्यत, रस्सीखेच, कबड्डी. अंधेरीहून येऊन गावात विज्ञान शिकवणारा हा तरुण मास्तर लोकांना आवडे, कारण तो काहीच अर्धवट करत नसे. मशाल देवळातल्या समईवर पेटवली. संचलनात यजमान म्हणून बंदर आळी सगळ्यांच्या शेवटी चालली. "ऑलिंपिकात तसंच असतं," त्याने बजावलं होतं, आणि पुढे चालायचा हट्ट धरून बसलेले गडी मुकाट मागे गेले होते.

दुपारी कबड्डीचा शेवटचा सामना. बंदर आळी विरुद्ध देऊळ आळी. पंच श्यामसुंदर.

बंदर आळीचे सहाच जण उभे राहिले.

"सातवा कुठाय?"

"धर्मा हाय ना," कर्णधार हरेश्वर म्हणाला.

धर्मा त्याचा धाकटा भाऊ. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच खेपेला समुद्रात पडला, तो सापडलाच नव्हता. त्यांची आई सगुणा मैदानाच्या रेषेलगत बसली होती.

"हरेश्वर, अरे..."

"नियम तुमचाच ना मास्तर? जो पयला मेला तो पयला उठतो. आमचा धर्मा पयला मेलाय. समोरचा एक मारला की त्याचं नाव पुकारा."

पुस्तकात शब्द होता 'बाद', पण वाळूवर बाद कोणी होत नसे. गडी मरायचा, आणि समोरचा कोणी मेला की उठायचा. श्यामसुंदरने सगुणाकडे पाहिलं. एका नावाने त्या माउलीचं समाधान होत असेल, तर पदार्थविज्ञानाची त्याला हरकत नव्हती.

"पुकारा हो," देऊळ आळीचा जयवंत हसला. "सहा काय नि सात काय, सगळ्यांना झोपवतो."

पहिल्याच चढाईत हरेश्वरचा हात जयवंतच्या खांद्याला लागला.

"जयवंत मेला," श्यामसुंदर ठणठणीत आवाजात म्हणाला. "धर्मा उठला."

काहीच झालं नाही. जयवंत हसत रेषेबाहेर जाऊन बसला. बंदर आळीचे सहा जण फक्त उजवीकडे सरकले. डावा कोपरा त्यांनी मोकळा ठेवला. तिथून ओल्या जाळ्यांचा वास आला. किनाऱ्यावर जाळी असतातच, श्यामसुंदरने मनात नोंद केली.

मग देऊळ आळीचा बाळा चढाईला आला. मोकळा कोपरा बघून तिकडेच घुसला.

त्याचा दम तुटला नाही, बुडला. कबड्डी, कबड्डी म्हणता म्हणता नाकातोंडात पाणी गेल्यासारखा आवाज आला आणि तो पालथा पडला. घोटा कोणीतरी धरल्यासारखा ताणलेला. सहाही जण लांब उभे होते.

"कोणी धरलं रे मला?"

घोटा चोळत तो बाहेर जाऊन बसला. त्यानंतर देऊळ आळीचा एकही गडी त्या बाजूला गेला नाही, आणि त्यांना कोणाला मारताही आलं नाही. वेळ संपली तशी श्यामसुंदरने शिट्टी फुंकली.

बाळा वाळू झटकत उठला. जयवंत उठला नाही.

भर उन्हात तो गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत होता. श्यामसुंदरने नाडी बघायला त्याचा हात धरला. बोटांची टोकं दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतली होती.

"चल, ऊठ. सामना संपला."

"उठता येत नाय, मास्तर."

श्यामसुंदर ताठ उभा राहिला. पंच तोच होता. "जयवंत उठला," त्याने खणखणीत पुकारलं.

जयवंत तसाच.

"असा नाय उठत कोणी," सगुणा शांतपणे म्हणाली. "समोरचा मारावा लागतो."

ते जयवंतला कळलं. ओठ निळे पडले होते, तरी तो कोपरांवर सरपटत मधली रेष ओलांडून गेला. कबड्डी, कबड्डी. आवाज जेमतेम. त्याने हात लांब केला. कोणालाही लागला असता तरी चाललं असतं.

हरेश्वरने आईकडे पाहिलं.

"मागं सरा रं," सगुणा म्हणाली.

सहाही जण मागे सरले. डाव्या कोपऱ्यातली वाळू टाचेएवढी दबली. मग त्या खुणेच्या मागे, आणखी एकदा.