पाणी वजा केलं का?

शिरड शहापूरच्या शेतात भुजंगमामांनी कढईखाली जाळ घातला, तेव्हा पुनम बांधावर लॅपटॉप उघडून बसली होती. मोबाईलच्या नेटवरून ती वसमतच्या प्रयोगशाळेतल्या संगणकाला जोडली गेली. इकडे लिनक्स, तिकडे विंडोज. तरी एका चौकटीत तिकडचा अख्खा पडदा अलगद उघडला. तिला याचं दर वेळी नवल वाटे. ही जोडणी प्रयोगशाळेच्या हरिचंद सरांची. दोन्ही प्रणाली एकमेकींशी जुळवताना त्यांनी आठवडे घातले होते. एकच गोष्ट जमली नव्हती: इकडून मराठी टाइप केलं की तिकडे नुसते रिकामे चौकोन उमटत. "बघतो एकदा," म्हणत सर गेल्या दिवाळीत वारले.

"पोरी, पाणी उकळून राहिलं. कोन्ती टाकू?" मामांनी विचारलं.

समोर हळदीचे दोन ढीग होते. एक मामांच्या आईनं, चांगुणाबाईनं, जपलेल्या बेण्याचा, कालच खणलेला. दुसरा बाहेरून आणलेल्या नव्या वाणाचा, आठवडाभर सुकलेला. ज्यात कुरकुमीन, म्हणजे हळदीचं सत्त्व, जास्त, ते बेण्याला ठेवायचं, दुसरं शिजवायचं. शिजलेली हळद पुन्हा उगवत नाही, आणि आईचं बेणं आता गावात दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं.

काल मोजलेले आकडे पडद्यावर होते. नवा वाण खूप पुढे.

"आईचीच टाका, मामा," ती हळू म्हणाली.

"बराबर बघितलंस ना?"

"आकडाच सांगतोय."

मामांनी पाटी भरायला घेतली.

तेवढ्यात कर्सर हलला. पुनमचे हात मांडीवर होते. नेट अडखळलं असेल, असं तिला वाटलं. पण कर्सर सरळ 'ओलावा' लिहिलेल्या रिकाम्या रकान्यापाशी जाऊन थांबला. मग त्याखाली अक्षरं उमटू लागली. मराठीत. एकही चौकोन नाही.

पाणी वजा केलं का?

प्रत्येक नमुन्याला सर हेच विचारत.

"थांबा, मामा!"

पाटी कढईच्या काठावर थांबली.

ओली हळद आणि सुकलेली हळद तिनं एकाच मापानं तोलली होती. ओलावा मोजून ठेवला होता, भरायचा राहिला होता. तिनं तो भरला. जुना वाण नव्याच्या पुढे गेला.

कर्सर त्या आकड्याभोवती सावकाश गोल फिरला, कपात साखर ढवळावी तसा. उत्तर बरोबर आलं की सर असंच करत.

तिनं प्रयोगशाळा झाडणाऱ्या रूपाबाईंना फोन लावला.

"मावशी, सरांच्या खुर्चीवर कोण बसलंय?"

"कोन बसंल? आज सुटी हाय. चावी माझ्या कमरेला हाय. काहून वं?"

पुनमनं फोन ठेवला. "आईचीच पुढे आहे, मामा. ती बेण्याला ठेवा."

मामांनी पाटी ढिगावर रिकामी केली, एकही हळकुंड मोडू न देता. "लई हुशार हाय तुझी मशीन."

"मशीन नाही, मामा."

तिनं चौकट बंद केली. विंडोज गेलं. मोबाईलचं नेटही तिनं बंद केलं. समोर आता फक्त तिचा लॅपटॉप होता, कशालाच न जोडलेला. तिनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले.

कर्सर पडद्याच्या मधोमध आला, आणि साखर ढवळावी तसा सावकाश फिरू लागला.