आंबा घाटातला टर्बो

"अण्णा, माझ्या नवऱ्यानं माणूस मारला म्हणत्यात," नीलम्मा दारातूनच म्हणाली आणि खुर्ची सोडून फरशीवर बसली.

सयाजी इंगवल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. विम्यासाठी अपघाताच्या गाड्या तपासण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती; आता शाहूपुरीत खासगी तपासाचं कार्यालय होतं. मदतीला बाळासो. जिवाला जीव देणारा गडी, पण डोकं उसाच्या बैलगाडीच्या चालीनं चालायचं.

नीलम्माचा नवरा महांतेश उद्यमनगरात डिझेल गाड्यांचा मेस्त्री. बावड्याच्या हंबीररावांच्या एकुलत्या एका मुलाच्या, धैर्यशीलच्या, गाडीला त्यानं मोठा टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा; हवा वाढली की ताकद वाढते. गाडी घरी नेल्यावर दुसऱ्याच दिवशी धैर्यशील आंबा घाटात दरीत कोसळून गेला. मेस्त्रीनं भंगारातला टर्बो घातला, अशी हंबीररावांनी फिर्याद दिली. महांतेश कोठडीत होता.

"लोकांनी गॅरेज फोडलं. आत त्याला लई मारलंय," नीलम्मा म्हणाली. "आज न्हाय उद्या तो कबूल हुईल, अण्णा. न केलेलं कबूल हुईल."

कोठडीत महांतेशचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

"टर्बो नवा होता?" सयाजींनी विचारलं.

"करकरीत नवा. धैर्यशील मालकाला ट्रकचा पायजे हुता. मी म्हणलं, एवढा पंखा आपल्या इंजिनाच्या धुरानं लवकर फिरायचा न्हाय, चढाला गाडी बसंल. मग मधल्या मापाचा घातला. तेलाची नळी नवी, हवेचा फिल्टर नवा. फिल्टरची पेटी बंद केली तवा आत कागदाचा कपटाबी नव्हता."

"पेटी उघडायला पाना लागतो?"

"न्हाय. वरनं क्लिपा हायत. जेवणाच्या डब्यागत."

ठाण्याच्या आवारात गाडीचा चेंदामेंदा पडला होता. हवालदार म्हणाला, "घाटातला चहावाला सांगतो, धुराचा लोट सोडत गाडी बोंबलत चढली. आणि गंमत बघा, किल्ली बंद केलेली सापडली."

सयाजींनी टर्बो उतरवून घेतला.

"तेल मिळालं नसंल. जळला," बाळासोनं निकाल दिला.

"जळला असता तर पंख्याचा दांडा निळा पडला असता. हा तेलानं निथळतोय."

धुराकडच्या चाकाची पाती शाबूत होती. हवा ओढणाऱ्या चाकाची पाती मात्र मागे वाकली होती. कुठे टवका उडालेला नव्हता. फिल्टरचा कागद धड होता. पुढच्या नळीत तेलात भिजलेला काळा गुंता सापडला. सयाजींनी तो रॉकेलच्या बाटलीत टाकून खिशात ठेवला.

धैर्यशीलचा मित्र जयसिंग गाड्यांच्या शर्यतीत त्याचा प्रतिस्पर्धी होता. विचारल्याबरोबर तो उसळला.

"मी कशाला बॉनेट उघडू? त्यानं कुणाला हात लावू दिला न्हाय. आदल्या दिवशी दारात पूजा झाली, नारळ फुटला. काकींनी आरशाला नृसिंहवाडीच्या अंगाऱ्याची पोटली बांधली, ती यानं तोडून त्यांच्याच हातात दिली. 'आई, पोरं हसत्यात,' म्हणाला. मलाच कसंतरी झालं."

तिथून दोघं बावड्याला गेले. धैर्यशीलच्या आईनं, बायडाबाईंनी, मान वर न करता पाणी दिलं. फ्रिजच्या मुठीला, पाण्याच्या मोटरला, हंबीररावांच्या मोटरसायकलला लाल कापडाची एकेक पोटली बांधलेली होती. बाळासोनं पाण्याबरोबर गूळही संपवला.

सयाजी उठून अंगणात आले. त्यांना पुन्हा आत जायचं नव्हतं. पण हंबीरराव बाहेर आले आणि त्यांनी सयाजींची कॉलरच धरली.

"कुणी मारलं माझ्या पोराला? नाव सांगा!"

"महांतेशनं नाही. टर्बो नवा होता, त्याला तेल पोचत होतं. त्याच्या तोंडातून काहीतरी आत गेलं. खडा किंवा लोखंड असतं तर पात्यांचे टवके उडाले असते. ती नुसती वाकलीत. म्हणजे मऊ वस्तू. रस्त्यावरून आली असती तर फिल्टर फाटला असता. तेव्हा ती फिल्टरच्या पलीकडे, पेटीतच होती. जुन्या टर्बोनं कदाचित जागची हलवली नसती. हा मोठा. चढाला पूर्ण ताकदीनं ओढायला लागला आणि ती गिळून बसला."

"त्यानं माणूस मरतो व्हय?"

"दांडा लटपटला, तेल अडवणारं सील गेलं. इंजिनाचंच तेल हवेच्या नळीतून आत जाऊन पेटलं. किल्ली बंद केली की डिझेल थांबतं, हंबीरराव. तेल थांबत नाही. गाडी त्याच्या हातात राहिली नाही."

"मग त्या जयसिंगानं घातलं!"

"वैऱ्यानं नट टाकला असता. कापड टाकलं नसतं."

"कसलं कापड?"

सयाजींनी खिशातल्या बाटलीवर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपला तपास चुकावासा वाटला. पण महांतेशचा तो डोळा त्यांना विसरता येईना. त्यांनी बाटली काढली. रॉकेलनं काजळी सुटली होती आणि तळाशी लाल धागे होते.

बायडाबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी बाटली हातात घेतली आणि उजेडाकडे धरली.

"बाहीर बांधलं की तोडतोय, म्हणून आत ठेवलं," त्या म्हणाल्या. "त्यो झोपला हुता. डब्यागत झाकण हुतं. म्हणलं, कुणाला दिसायचं न्हाय आन् देव संगट ऱ्हाईल."

हंबीररावांनी सयाजींची कॉलर सोडली. "गपचिप मलाच सांगायचं हुतं की," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मेस्त्री सडला असता तर सडू दिला असता मी. हिला कशाला सांगितलंसा?"

बाळासो रडत होता.

बायडाबाई अनवाणीच फाटकाबाहेर गेल्या, सयाजींच्या गाडीचं दार उघडून मागच्या सीटवर बसल्या आणि पदर सावरला.

"चला," त्या म्हणाल्या. "त्या मेस्तरीला सोडा. मला आत घाला."

असा गुन्हा कुठल्याच कायद्यात नव्हता. ते त्यांना कुणी सांगायचं, हे तिघांनाही कळेना. हंबीररावांनी दोनदा हात धरून ओढलं, मग पाय धरले. अंधार पडला तरी बायडाबाई गाडीतून उतरल्या नाहीत.