मुठीतला फ्यूज

बोरी अरबच्या बाजारात वरून पक्कड पडली, ती थेट जमनीच्या वांग्यांच्या पाटीत! तिनं मान वर केली. विजेच्या खांबाला लावलेल्या शिडीवर एक तरणा पोरगा उभा... चेहरा पार उतरलेला.

"लागली तर नाई?"

"मले नाई, वांग्यांले लागली. आता हे कोण खाईल?"

"मी खातो... तू रांधशील तर."

जमनीला हसू आलं आणि आलं तसंच विरलं. तिचा थोरला भाऊ हरिसिंगही असाच शिकाऊ वायरमन होता. तो वर तार जोडत असताना खाली कुणीतरी घाईनं फ्यूज लावला आणि तारेत वीज आली. तांड्यावर त्याचं प्रेतच खाटेवर आलं.

हा पोरगा सेवादास, पलीकडच्या तांड्यातला. गफ्फार मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकत होता. दिवाळीनंतर वायरमनची परीक्षा द्यायची होती. त्यानंतर दर बाजारी तो जमनीकडून वांगी नेऊ लागला. "त्याले वांगी आवडत नाईत, बेटी," हे मिस्त्रींनीच तिला सांगितलं, आणि त्या दिवशी जमनीचं घराकडे जाताना कशातच लक्ष लागेना. तिचा जीव त्याच्यावर जडला होता.

सेवादासच्या घरून मागणी आली. तिचा बा, बाबूसिंग, सरळ म्हणाला, "तारेचं काम सोड अन् पोरगी घेऊन जाय. पुन्हा दारात खाट पाह्यची नाई मले." दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याला दोष तरी कसा द्यावा?

पुढच्या बाजारी जमनीनं खांबाखालीच त्याला गाठलं. "सोडशील काम?"

"हेच शिकलो, जमनी. अन् हेच आवडते मले."

"अन् मी?"

खांबाच्या पेटीतून सेवादासनं चिनी मातीचा पांढरा फ्यूज ओढून काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"मिस्त्रींचा नियम हाय — चढणाऱ्यानं फ्यूज खिशात ठेवावा, नाई तर ज्याच्या हवाली जीव करता येईल त्याच्या हातात. आजवर मी खिशातच ठेवला..."

शेजारी उभ्या मिस्त्रींनी शिडी धरली. तो चढला.

तेवढ्यात चक्कीवाला मारोती तणतणत आला. "दळण खोळंबलं ना माझं! दे तो फ्यूज."

"ते उतरल्याबिगर नाई."

"दे म्हणतो!" त्यानं हात पुढे केला. माणसं जमली.

जमनीनं मूठ आवळून पाठीमागे धरली. डोळे भरून आले, पण आवाज चढला. "माझ्या भावाच्या वक्ती बी कोणाचं तरी कामच खोळंबलं होतं!"

मारोतीचा हात तसाच राहिला. बाजाराला आलेला बाबूसिंग गर्दीतून पुढे आला. काठी रोवून तो लेकीपुढे उभा राहिला. मारोती मुकाट्यानं चक्कीकडे परतला.

सेवादास उतरला. जमनीनं मूठ उघडली. फ्यूजच्या कडा तळव्यावर लाल उमटल्या होत्या.

"घे," ती म्हणाली. "तुह्याशिवाय मले करमत नाई... पण भेव बी लय वाटते."

"मले बी वाटते," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर तुह्या हाती देल्ला."

बाबूसिंग खाकरला. "परीक्षा कवा हाय, पोरा?"

"दिवाळीनंतर."

"दे मंग. लगन त्याच्या मांगून करू." त्यानं लेकीकडे बोट केलं. "तू चढशील तवा खाली हे उभी राहील. हिले जमलं नाई त्या दिवशी मी."

आणि हरिसिंग गेल्यापासून पहिल्यांदाच बाबूसिंगनं मान वर करून खांबाकडे पाहिलं.