नायट्रेट वाढलं कसं?

"ते नका घेऊ जी!"

धरमपेठेतल्या शोभेच्या माशांच्या दुकानात मी द्राक्षांच्या घडासारख्या हिरव्यागार समुद्री शेवाळाकडे बोट दाखवलं, आणि मागून हा आवाज आला.

"काहून? सुंदर तर आहे."

"सुंदरच आहे… पण बिनसलं की एका दिवसात विरघळते, टाकीतलं पाणी दुधासारखं होते. हे घ्या." त्यानं दाखवलं ते म्हणजे नुसता हिरव्या दोऱ्यांचा गुंता! "दिसाले काही नाही, पण कामाचं आहे."

"तुमच्यासारखं?" मी बोलून गेले आणि जीभ चावली. तो मात्र खळखळून हसला.

प्रेमानंद. खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरचं पाणी तपासणारा केमिस्ट. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होणारा क्षार, वाढून दोन्ही मासे मलूल पडले होते. मी ते सांगितलं, तर पुढच्याच रविवारी तो मोटरसायकलवर आमच्या घरी आला. टाकीखाली काचेचा वेगळा कप्पा बसवला, त्यात ते दोऱ्यांचं शेवाळ सोडलं, वर दिवा लावला, पाणी खेळतं केलं.

"इथं मासे येत नाहीत. शेवाळ निवांत वाढते अन् घाण खाऊन टाकते."

मग दर रविवारी तो यायचा. आई तर्री-पोहे करायची. तो नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचा, आणि आम्ही डोक्याला डोकं लावून रंग बघायचो. लाल म्हणजे नायट्रेट जास्त, पिवळा म्हणजे पाणी स्वच्छ. लाल… मग केशरी… मासे हुंदडू लागले आणि माझा जीव टांगणीला लागला. पाणी स्वच्छ झालं, तर हा कशाला येईल?

"पुढच्या खेपेला पिवळा आला की मले सुट्टी," तो म्हणालाच.

सांगायला लाज वाटते, पण त्या आठवड्यात मी माशांना तिप्पट खाऊ टाकला. उरलेला कुजला. रविवारी नळी लालभडक!

तो नळीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"शेवाळ तर मस्त वाढून राहिलं. मग नायट्रेट वाढलं कसं?"

"मले काय माहीत…"

"मिनल, मी रोज पाणीच तपासतो. किती खाऊ टाकला?"

कान तापले माझे. "रोज… तीनदा." आणि मग होऊ दे काय व्हायचं ते — "तुमचं येणं बंद होऊ नये म्हणून."

त्यानं नळी खाली ठेवली. मला वाटलं, संपलं सगळं.

"येडी आहे का वं तू?" तो हळूच म्हणाला. डोळे मात्र हसत होते. "आधी पाणी बदलू. मासे वाचले पाहिजेत. मग आईंशी बोलतो."

"कशाले?"

"म्हणतो, रविवारच काहून… रोजच तपासतो ना पाणी. जन्मभर."

मी बादली आणायला जी धावले, ती थेट आईलाच जाऊन धडकले.