खंड्याला अरे-तुरे चालत नाही

पटलं नाही तरी चालेल, पण मध्येच हसू नका. मी हसलो होतो.

ही गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीच्या, मंदाकिनीच्या घरात घडली. खरं तर अजून घडतेच आहे.

गेल्या फाल्गुनात सुरुवात झाली. सदाशिव पेठेतली जुनी इमारत, तिसरा मजला, समोरासमोर दोन दारं. वेळ रात्रीची नव्हे...

भर दुपारची.

एक ते चार पेठेत कुणी कुणाची बेल वाजवत नाही. जिन्यात चिटपाखरू नसतं.

समोरच्या घरात तात्याराव राहायचे. एकटेच. सोबतीला खंड्या नावाचा कुत्रा. माघ सरता सरता एका सकाळी छातीत दुखायला लागलं, तसे तात्याराव आपल्या पायांनी जिना उतरून इस्पितळात गेले. निघताना कुत्र्याला म्हणाले, "बसा. येतो."

घरी काही परत आले नाहीत. तिथूनच परस्पर वैकुंठ स्मशानात नेलं.

आपल्याकडे निघणारा माणूस "जातो" म्हणत नाही. पण हे खंड्याला कोण सांगणार?

तो बसून राहिला. बंद दारासमोर, जिन्याकडे तोंड करून.

तात्यारावांचा मुलगा आमोद बाणेरहून रोज यायचा, खाणं ठेवायचा आणि आदल्या दिवशीचं तसंच उचलायचा. जवळ जाईल त्याच्यावर खंड्या दात विचकायचा. अंगावर नुसत्या बरगड्या राहिल्या होत्या.

"काकू, रविवारी त्याला मुळशीला मित्राच्या शेतावर सोडतो," आमोद म्हणाला.

"तिथे तो जगायचा नाही. रविवारपर्यंत मला बघू दे. माझ्या हातचं खाल्लं तर इथेच राहील."

मंदाताईने जन्मभर बालवाडी चालवली. नव्या, रडव्या मुलाच्या मागे लागायचं नसतं, त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. ती रोज उंबऱ्यात त्याच्याकडे पाठ करून बसायची. मांडीवर मेथी निवडायला, शेजारी दूध-पोळी.

"ये रे बाळा... ये राजा..."

उत्तर म्हणून गुरगुर.

शनिवारी सकाळी ती वैतागून म्हणाली, "आमोद, अरे, याला मराठी कळतं ना?"

"कळतं. पण अरे-तुरे चालत नाही." आमोद हसला. "बाबा त्याला अहो-जाहो करायचे. आम्हाला मात्र कायम 'गाढवा'. म्हणायचे, मान द्यावा असा या घरात हा एकटाच आहे."

त्या दुपारी मंदाताईने दार सताड उघडलं. पदर सारखा केला. पाहुण्याला म्हणावं तसं, नीट, अदबीने म्हणाली,

"या. आत या."

खंड्याचे कान ताठ झाले. शेपटी हलली.

पण तो तिच्याकडे बघत नव्हता...

जिन्याकडे बघत होता.

खालून चपला वाजल्या. फट्... फट्. सावकाश. दर मजल्यावर दम खायला थांबत.

मंदाताईने कठड्यावरून वाकून पाहिलं. जिना रिकामा होता.

आवाज मात्र वर चढत होता.

तो तिच्या दाराशी थांबला. एक चप्पल काढल्याचा आवाज... मग दुसरी.

खंड्या बाजूला सरकला. कुणाला तरी वाट दिल्यासारखा. मग मागोमाग आत गेला.

हॉलमधली वेताची खुर्ची करकरली.

खंड्या खुर्चीपाशी बसला, वर बघत. मंदाताईने ताटली पुढे सरकवली. त्याने वास घेतला, तोंड लावलं नाही. खुर्चीकडेच बघत राहिला.

पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येईना...

एकाएकी खंड्याने मान खाली घातली आणि ताटली चाटूनपुसून साफ केली. परवानगी मिळाल्यासारखी.

पुन्हा खुर्ची करकरली. खंड्या दारापर्यंत पोचवायला गेला. आणि जन्माच्या सवयीने मंदाताईच्या तोंडून निघून गेलं...

"या हं परत."

रविवारी आमोदचे डोळे भरून आले. "काकू, कमाल केलीत! काय केलंत नेमकं?"

"मान दिला," ती म्हणाली.

मध्ये तिने दुपारी दार लावून ठेवून पाहिलं. खंड्याने दुधाला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दुपारी तिने निमूटपणे दार उघडलं.

"या."

परवा तिने मला हे सगळं सांगितलं, आणि मी हसलो. एवढंच नाही, जेवण झाल्यावर मुद्दाम त्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसलो.

"श्रीधर, तिथून ऊठ."

"अगं ताई, तू शिकलेली बाई..."

"ऊठ म्हणते ना. त्यांना तिष्ठत ठेवू नये."

खंड्या माझ्यासमोर येऊन उभा होता. गुरगुरत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत शेपटी हलवत होता...

मी उठलो.

खुर्ची करकरली.

ताई चहा टाकायला आत गेली. मी पिशवी उचलली, चपलांत पाय सरकवले, आणि उभ्या जन्मात जे म्हणालो नव्हतो ते पुटपुटलो.

"जातो."

ताईला ऐकूही गेलं नसेल. आत गॅस पेटल्याचा आवाज आला.

आणि हॉलमधून कुणीतरी, अगदी अदबीने, म्हणालं...

"या हं परत."