दुसरा रिमोट

पटो न पटो, हे घडलेलं आहे. साल १९९३, मे महिना, गाव जानेफळ. आणि वेळ रात्रीची नव्हती...

भर दुपारची होती.

बसस्टँडसमोर वैजनाथचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पोरांकडून जुन्या कॅसेटी घ्यायच्या, भाड्यानं द्यायच्या, पोरांचं मन भरलं की विकून टाकायच्या. कॅसेट अडली की पोरं तिच्या खाचेत फुंकर मारत. तेवढ्यानं ती चालायची.

एक दिवस उत्तमराव मास्तर रणगाड्यांच्या गेमची कॅसेट ठेवून गेले. त्यांचा पोरगा लक्ष्मीकांत काविळीनं गेला होता. तेरवी झाली, गेलेल्याच्या वस्तू घरात नकोत म्हणून सगळं वाटलं. ही तेवढी उरली होती.

वैजनाथला फार वाईट वाटलं. पण धंदा तो धंदा. कॅसेटवर पेनानं लिहिलेलं नाव त्यानं ब्लेडनं खरवडलं आणि ती भाड्यानं दिली.

तासाभरात ती परत आली. म्हणे एकट्याचा डाव लागतच नाही, दोघांचाच लागतो.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वैजनाथनं मात्र तीच कॅसेट पुन्हा दिली. ती पुन्हा परत आली.

मग दुपारी शटर ओढून त्यानं स्वतः लावली. चालेना. फुंकर मारायला म्हणून त्यानं ती काढली, तोच कानामागे...

फू...

मागे कुणी नव्हतं.

त्यानं कॅसेट परत बसवली. पडद्यावर दोन रणगाडे आले. पहिला रिमोट वायर गुंडाळून फळीवर पडलेला. तरी पहिला रणगाडा सरकला...

दुसऱ्याजवळ येऊन थांबला.

थांबूनच राहिला.

वैजनाथ तसाच मास्तरांच्या घरी गेला. मास्तरांच्या बायको सुलभाबाई कणीक मळत होत्या.

"वहिनी, तुमचा पोरगा माह्या दुकानात कोनाची तरी वाट पाहून राह्यला."

बाईंचे हात थांबले.

"रोज म्हने, आई, माह्यासंगं एक डाव खेय. मी म्हनलं, पोया होऊ दे." त्यांनी परात बाजूला सारली. "त्या पोया काही सरल्याच नाही."

त्या कणकेच्या हातानंच आल्या. स्टुलावर बसून दुसरा रिमोट धरला. त्यांना खेळता येत नव्हतं. डाव हरल्या...

फू...

पुन्हा सुरू झाला.

मग बाई रोज दुपारी येत राहिल्या. वर्षानुवर्षं.

आता गेम मोबाईलवर येतात. तशा जुन्या कॅसेटी भंगारवालाही उचलत नाही. वैजनाथनं सगळं काढून टाकलं. एक टीव्ही ठेवला, गेमचा डबा, दोन्ही रिमोट आणि ती कॅसेट.

सुलभाबाई मागच्या पावसाळ्यात वारल्या. वैजनाथला वाटलं, मायलेक भेटले असतील. खात्री करायला त्यानं टीव्ही लावला...

रणगाडा आला, आणि दुसऱ्याजवळ थांबला.

आता दुसरा रिमोट वैजनाथ धरतो. त्याची सत्तरी आली आहे, हात कापतात. डाव लवकर हरतो. मग कानामागे फुंकर येते, आणि रोज त्याला एकच घोर लागतो.

"माह्यामागं ह्या लेकराशी कोन खेयन?"