अंगरख्यातला जांभळा धागा

कबुतर खोक्यात होतं आणि खोकं तिच्या मांडीवर. दवाखान्याच्या बाकावर तिच्या एका बाजूला दमेकरी बोका बसला होता, दुसऱ्या बाजूला कानाला पट्टी बांधलेला कुत्रा; आणि दोघंही खोक्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती काही बरी नव्हती. तिनं खोकं छातीशी घट्ट धरलं.

तिचा नंबर आला तेव्हा आत एक उंच माणूस हात धूत उभा होता. निळी पगडी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि दोन्ही हातांवर ओरखडेच ओरखडे.

"पेशंटचं नाव?" त्यानं न वळताच विचारलं.

"नाव नाहीये. आमचं नाही ते. संग्रहालयाच्या भांडारात घुसलं आणि शालींच्या कपाटावर जाऊन आपटलं."

"अरेरे. शालींना काही झालं नाही ना?"

"तुम्ही जनावरांचे डॉक्टर ना? आधी शालींची चौकशी?"

"कबुतर मला दिसतंय," तो वळून म्हणाला. "शाली कुठे दिसतायत?"

ती हसली. मग त्याची नजर तिच्या गळ्याकडे गेली, आणि तिच्या लक्षात आलं… भिंग! कामावरून तशीच उठून धावली होती. जुन्या कापडांची डागडुजी आणि तपासणी हे तिचं काम. दोरीला बांधलेलं ते भिंग दिवसभर गळ्यात असायचं. संग्रहालयात सगळे तिला भिंगबाईच म्हणत.

"काढायचं राहिलं," ती पुटपुटली.

"राहू द्या की," तो कबुतराचा पंख हलक्या हातानं उलगडत म्हणाला. "शोभतंय."

पंखाची पट्टी बदलायला ती अधूनमधून जात राहिली. पट्टी बदलायला लागायचा क्षणभर, आणि गप्पांना मात्र चहा थंड होईपर्यंत वेळ. दर रविवारी डॉक्टर गुरुद्वारात मुलांना गोष्टी सांगतो हे तिला कळलं. आणि ती कुठल्याच गोष्टीवर पटकन विश्वास ठेवत नाही हे त्याला. शेवटी एके दिवशी कबुतर बरं होऊन उडून गेलं. दोघं खिडकीशी उभे राहून रिकाम्या आभाळाकडे बघत राहिले.

"आता तुमचं इकडे काही काम नाही," तो म्हणाला.

"नाही… तसं नाहीच."

"आमच्या घरी एक अंगरखा आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "जुना. खूप जुना. बघाल?"

अंगरखा त्याच्या आत्याकडे होता. आत्या म्हणजे घरातली शेवटची वडीलधारी. भाऊ गेल्यावर भाच्याला तिनंच लहानाचं मोठं केलेलं. तिनं मऊ सुती कापडाची घडी उलगडली आणि आवाज आपोआप खाली आणला.

"आमचे एक पूर्वज घोड्यांचं औषधपाणी करायचे. एका लढाईनंतर गुरूंचा, दहाव्या गुरूंचा घोडा जखमी झाला. पूर्वजांनी त्याला वाचवलं. तेव्हा गुरूंनी अंगातला अंगरखा काढून त्यांच्या खांद्यावर घातला. तेव्हापासून आमच्या घराण्यात कुणी ना कुणी मुक्या जनावरांची सेवा करतंच." तिनं भाच्याकडे बघितलं. "याचे वडील गेले ना, तेव्हा हा जेवत नव्हता. ही गोष्ट सांगत सांगत मी त्याला घास भरवले."

डॉक्टर लाजून खिडकीबाहेर बघू लागला. गुरुद्वाराच्या नव्या दालनात अंगरखा काचेत ठेवायचा ठरला होता. काचपेटी तयार होती. बाहेरगावचे नातलग येणार होते. त्याआधी विरलेलं कापड सावरायचं होतं, एवढंच काम.

अंगरखा तिच्या टेबलावर आला आणि डॉक्टरही संध्याकाळी येऊ लागला. ती सुई चालवायची, तो स्टुलावर बसून प्रश्न विचारायचा.

"तुम्ही या इतिहासातलं काय खरं मानता, काय नाही?"

"मी कुठे न्यायाधीश आहे? पण मी आधी विचारते, हे लिहिलं कुणी, आणि केव्हा? गुरूंच्या काळातले हुकूम आहेत, नाणी आहेत, बादशाही दरबारच्या बातमीदारांचे कागद आहेत. बातमीदार विरोधी पक्षाचे, तेव्हा त्यांचंही डोळे झाकून घ्यायचं नाही. आणि भक्तांनी लिहिलेल्या कितीतरी गोष्टी दोन-तीन पिढ्यांनंतरच्या."

"म्हणजे आमच्या साख्या खोट्या?"

"खोट्या कशाला? लोकांना मनात काय जपावंसं वाटलं ते त्या सांगतात. फक्त घडलेलं एका खणात आणि जपलेलं दुसऱ्या खणात ठेवायचं. एकात एक घुसडायचं नाही."

तो गालात हसला. "साखी शब्दाचा अर्थ माहितीये?"

"गोष्ट."

"साक्ष. साखी म्हणजे साक्ष."

तिची सुई थांबली. जन्मभर ती साक्षी-पुराव्यांच्या मागे होती, आणि हा माणूस रविवारच्या रविवारी मुलांना साक्षच सांगत होता तर… तिनं वर बघितलं. तोही बघत होता. दिव्याच्या उजेडात त्याच्या दाढीत दोन पांढरे केस चमकत होते. तिनं चटकन मान खाली घातली आणि नेमकी सुई बोटात टोचून घेतली.

"बघू," तो म्हणाला.

"काही नाही झालं. आणि तुम्ही जनावरांचे डॉक्टर आहात."

"माणसांना सूट देतो मी."

त्यानं तिचं बोट कापसानं दाबून धरलं. रक्त केव्हाच थांबलं होतं. बोट मात्र त्याच्या हातात होतं, आणि ते परत घ्यायची घाई तिलाही नव्हती.

सगळं छान चाललं होतं. आणि मग तिला जांभळा धागा दिसला.

गळ्याच्या वेलबुट्टीत, पानांच्या आड, जांभळा धागा होता. उजेडाची बाजू फिकट पडलेली, पण आतली बाजू अजून भडक. इतका भडक जांभळा जुन्या रंगांत सहसा मिळत नाही. नंतरच्या दुरुस्तीचा असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. मग भिंग घेऊन एकेक शिवण तपासली. तो धागा सगळीकडे होता, मूळच्या टाक्यांखालीसुद्धा. तिनं धाग्याची बारीकशी कातरण रंगाच्या तपासणीला पाठवली. उत्तर आलं ते तिला आधीच कळून चुकलं होतं. तो रंग कुठल्या मुळापासून किंवा किड्यापासून काढलेला नव्हता. प्रयोगशाळेत बनवलेला होता. असे रंग निघाले एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. गुरूंनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी.

गप्प बसणं सोपं होतं. कापड सावरायचं काम होतं, ते झालं होतं. वय कुणी विचारलंच नव्हतं. तिनं ब्रही काढला नसता तर कुणाला काही कळणार नव्हतं. आत्या खूश, नातलग खूश. आणि तो… तो रोज येत राहिला असता.

दुसऱ्या दिवशी ती दवाखाना बंद होण्याच्या वेळेला गेली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "काचपेटीच्या पाटीवर 'परंपरेनुसार' असं लिहू. धाग्याचा विषय नको."

"परंपरेनुसार लिहू. पण त्याच्याखाली धाग्याचंही लिहू."

"कुणाला हवंय ते?"

"तुम्हालाच. खणांचं बोललो होतो आपण."

"ते बोलणं होतं!" त्याचा आवाज चढला. आतल्या खोलीत एक कुत्रं भुंकून गप्प झालं. "ही माझी आत्या आहे. माझं लहानपण आहे. तुम्ही भिंगातून बघता आणि… आणि आमच्या घरातून गुरूच काढून नेता."

"गुरू कापडात नव्हते, डॉक्टर," ती हळूच म्हणाली. "मी फक्त कापडाबद्दल बोलतेय."

टेबलावरच्या कात्र्या तो उगाच सरळ करत राहिला. ती बाहेर पडली. तो थांबवेल असं वाटलं होतं. त्यानं थांबवलं नाही.

त्यानंतर त्याचं येणं बंद झालं. घरी आईनं दोन दिवस मुकाट्यानं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "त्या अंगरख्याला काही झालंय की तुला?" ती म्हणाली, दोघांना. आईनं तिच्या पानात फक्त जास्तीची पोळी वाढली.

मग एके सकाळी आत्याच संग्रहालयात आली. एकटी. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तो सांगत नाही, पण मला समजतं. आमच्या गुरूंचा नाही ना हा?"

"नाही, आत्या."

म्हातारीनं डोळे मिटून घेतले. ओठ हलले, प्रार्थना होती की निरोप, कळलं नाही. मग तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं.

"मग कुणाचा?"

"ते मी अजून बघितलेलं नाही."

"वा गं वा! कुणाचा नाही ते सांगायचं आणि कुणाचा ते अधांतरी सोडायचं? सुरू केलंयस ते पुरं कर, पोरी. मी त्यालाही पाठवते. दोघं मिळून बघा."

तो आला. कुणी 'कसे आहात' असं विचारलं नाही. ती कामाचंच बोलली, कारण तेवढंच तिला जमत होतं. खांदे अरुंद होते. कडेच्या शिवणी आधी उसवून सैल केलेल्या, मग पुन्हा आत घेतलेल्या. छातीवर बुट्टीच्या आड दोन उभ्या फटी होत्या.

"या कशासाठी?" त्यानं विचारलं.

"बाळाला पाजायला."

त्यानं चमकून तिच्याकडे बघितलं. "बाईचा आहे?"

"बाईचा. बाह्यांच्या टोकांना हे जे डाग आहेत ते अळशीच्या तेलाचे आणि टर्पेंटाइनचे. आणि शिवणीत हे सापडलं." तिनं सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली. "प्राण्याचे केस आहेत, एवढं मला कळतं. कुठल्या प्राण्याचे ते तुम्ही सांगा. मी काही सुचवत नाही."

तो वाकला. तिनं बाजूला सरकायला हवं होतं, पण भिंत आणि टेबलामध्ये जागाच कुठे होती?

"घोडा," तो म्हणाला. मग डोळा न काढताच, अगदी हळू, "हे तेल चोळतात घोड्याच्या पायांना. सूज आली की. आम्ही अजूनही… म्हणजे तिनं चोळलं. या बाह्यांनी."

"कुणीतरी बाई. घोड्यांजवळ वावरणारी, तान्हं मूल असलेली. ती तुमच्या घरातली होती, असं मी म्हणू शकत नाही. कापड कुणाच्या घरून कुणाच्या घरी गेलं ते कापड सांगत नाही."

"माहितीये." तो सरळ झाला. डोळे ओले होते. "पण गोष्टीत पुरुष कुठून आला? तिला का वगळलं?"

"ते मला नाही सांगता येणार. तुम्ही गोष्टी सांगता. तुम्हीच विचार करा."

आत्याला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ अंगरख्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिनं एकच प्रश्न विचारला.

"उंचीला केवढी असेल गं ती?"

"साधारण तुमच्याएवढी."

आत्या भिंतीचा आधार सोडून ताठ उभी राहिली. पोक काढून चालणारी ती बाई इतकी उंच असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

काचपेटीवर पाटी लागली. वर घराण्याची परंपरा, खाली कापडाची साक्ष, दोन्ही सारख्याच अक्षरांत. नातलगांपैकी एक काका रुसून निघून गेले. त्यांची समजूत कुणाला घालता आली नाही.

त्या रविवारी ती गुरुद्वारात मागच्या रांगेत, आयांच्या घोळक्यात बसली. समोर डॉक्टर, आणि त्याच्याभोवती चुळबुळणारी मुलं.

"मी तुम्हाला अंगरख्याची गोष्ट सांगायचो ना?" तो म्हणाला. "ती मी ऐकली तशी सांगितली होती. आता जे सापडलंय ते सांगतो. आणि जे माहीत नाही, ते माहीत नाही म्हणून सांगतो."

एका मुलीनं हात वर केला. "मग गुरूंनी अंगरखा दिलाच नाही?"

"हा नाही दिला."

"मग काय दिलं?"

"मुक्या जिवाची सेवा कर, हे सांगणं," तो म्हणाला. "ते कुठल्या काचेत ठेवता येत नाही, म्हणून बहुतेक लोकांनी अंगरख्याची गोष्ट केली. हा माझा अंदाज आहे हं. पुरावा नाही."

तिला हसू आलं आणि रडूही. ती उठून बाहेर आली. बारीक पाऊस पडत होता. ती वळचणीखाली पायऱ्यांवर उभी राहिली, तेवढ्यात तो मागून आला.

"मुलांना एक गोष्ट सांगितली नाही मी," तो म्हणाला.

"कुठली?"

"मी तुमच्यावर रागावलो होतो ना, तेव्हा रोज संग्रहालयासमोरून घरी जायचो. माझा रस्ता तो नाही. मला अर्ध्या शहराचा वळसा पडतो."

"दिसायचात. खिडकीतून."

"दिसायचो? आणि हाक नाही मारलीत?"

"वाटायचं, आज वर याल. मग वाटायचं, उद्या. मी पडद्याआड उभी राहायचे वेड्यासारखी…" तिनं पावसाकडे बघितलं. "मला भीती वाटली होती, की खरं सांगितलं तर तुम्ही जाल. आणि तुम्ही गेलात."

"गेलो," तो म्हणाला. "त्याची लाज वाटते मला."

पाऊस वाढला. पागोळ्यांचं पाणी तिच्या खांद्यावर पडू लागलं तसा तो सरकून त्या बाजूला उभा राहिला, आणि पाणी त्याच्या खांद्यावर पडू लागलं.

"भिजतोयस," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं.

त्यानं ओरखडे भरलेला हात पुढे केला, उताणा, नुसताच. "पुन्हा म्हण."

"भिजतोयस तू," तिनं त्या हातात हात ठेवला. "आणि मला तू फार आवडतोस. आत ये, नाहीतर आत्या मला ओरडेल."

"ओरडू दे," तो म्हणाला. आणि दोघंही तिथून हलले नाहीत.